सॉफ्टवेअर काढलं, पण नोंद जात नाही: रजिस्ट्रीतल्या उरल्यासुरल्याचं काय करायचं?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या आडत पेढीवर हिशेब बघणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. पेढीच्या कॉम्प्युटरवर जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर होतं. नवीन टाकायचं म्हणून कुणीतरी प्रोग्राम फाइल्समधलं त्याचं फोल्डरच डिलीट केलं. आता नवं सेटअप चालवलं की 'आधी जुनी आवृत्ती काढा' असा मेसेज येतो. कंट्रोल पॅनेलच्या यादीत जुन्याचं नाव आहे, पण अनइन्स्टॉल दाबलं की फाइल सापडत नाही म्हणून तिथंच थांबतं. ओळखीतल्या एकाने रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतला (रजिस्ट्रीतला) कचरा काढतो म्हणवणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, त्याने १,४०० एरर दाखवले. ताई विचारतात, सगळे फिक्स करून टाकू का? आणि कॉम्प्युटर हळू चालतो तो या कचऱ्यामुळेच का?

ताई, ते फिक्सचं बटण दाबू नका. सांगलीत गेली २२ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतोय, आणि या एका गोष्टीवर माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे. त्या १,४०० मधली तुम्हाला अडवणारी नोंद एखाद-दुसरीच असणार. तेवढी ओळखून, तिची प्रत ठेवून काढायची. बाकीच्यांना हात लावायचं कारणच नाही.

आधी सर्वांत सोपी गोष्ट बघा, कारण घाईत सगळे तीच विसरतात. रिसायकल बिन उघडा. ते फोल्डर साधं डिलीट केलं असेल तर अजून तिथं असेल. रिस्टोअर करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि मग यादीतून नेहमीसारखं अनइन्स्टॉल करा. अनइन्स्टॉल करणारी फाइल त्याच फोल्डरमध्ये असते, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तिचं नाव 'युनिन्स०००' (इंग्रजीत unins000) असतं. ती परत जागेवर आली की निम्म्या वेळा काम तिथंच संपतं, रजिस्ट्री उघडावीच लागत नाही.

बिन रिकामं असेल तर पुढचं सांगतो, पण त्याआधी डेटा. पट्ट्या, खरेदीदारांची उधारी, गाडीभाडं, हमाली, सगळं कुठं सेव्ह होत होतं ते शोधा. जुन्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत इथं एक खोच आहे. विंडोज व्हिस्टापासून प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या युजरला लिहायची परवानगी नसते. जुन्या ३२-बिट सॉफ्टवेअरने तिथं लिहायचा प्रयत्न केला तर विंडोज ती फाइल गुपचूप वळवून त्या युजरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये ठेवतं. सॉफ्टवेअरला वाटतं आपण आपल्याच घरात लिहितोय. त्यामुळे मुख्य फोल्डर डिलीट झालं तरी या वर्षाचा डेटा व्हर्च्युअलस्टोअरमध्ये सुखरूप असू शकतो. आणि हे युजरगणिक वेगळं असतं. शेठजींच्या लॉगिनचा वेगळा, दिवाणजींच्या लॉगिनचा वेगळा. दोन्ही बघा. ॲपडेटा फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून एक्सप्लोररमध्ये हिडन आयटम्स चालू करा.

सापडलेल्या डेटाची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह घरी न्या. हे मी उगाच सांगत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर माझ्याकडे चिखलाने भरलेले कॉम्प्युटर आले, त्यातल्या एकाचा बॅकअप त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता. हार्ड डिस्कही गेली आणि पेनड्राइव्हही. त्या दुकानाचा वर्षभराचा हिशेब कागदांवरून पुन्हा भरावा लागला.

आता रजिस्ट्री म्हणजे काय, ते थोडक्यात. विंडोजला आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतःबद्दल जे लक्षात ठेवायचं असतं, ते लिहायची ही वही. पूर्वी ही माहिती सुट्या आयएनआय फाइल्समध्ये विखुरलेली असे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री छोट्या रूपात आली आणि विंडोज ९५ पासून सगळा कारभार तिच्यावर आला. आपल्याकडच्या माणसाला समजेल असं सांगायचं तर हा सातबारा आहे. जागेवरचं घर पाडलं म्हणून उताऱ्यावरची नोंद आपोआप जात नाही, त्यासाठी रीतसर फेरफार व्हावा लागतो. तुमच्या इथं घर पाडलं गेलं, फेरफार झालाच नाही. नवं सेटअप उताऱ्यावर जुनं नाव बघतं आणि थांबतं.

बरं, रीतसर अनइन्स्टॉल केलं तरी काही नोंदी मागे राहतातच, आणि त्याला कारणं असतात. अनइन्स्टॉलर बहुतेक वेळा इन्स्टॉल करताना लिहिलेल्या नोंदींचीच यादी धरून काढतो. सॉफ्टवेअर वापरता वापरता ज्या नोंदी तयार झाल्या, त्या त्याच्या यादीत नसतात. लायसन्सची आणि तुमच्या सेटिंगची माहिती पुष्कळ कंपन्या मुद्दाम ठेवतात, पुन्हा टाकलं तर उपयोगी पडावी म्हणून. आणि प्रत्येक युजरच्या नोंदी त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये, एनटीयुजर.डॅट मध्ये असतात. शेठजींच्या लॉगिनमधून अनइन्स्टॉल केलं तर दिवाणजींच्या फाइलपर्यंत तो सहसा पोहोचतच नाही. यातलं काहीच बिघाड नाही. क्लीनर मात्र अशा प्रत्येक नोंदीला एरर म्हणतो आणि लाल रंगात दाखवतो. नुकत्याच उघडलेल्या फाइल्सच्या यादीत एखादी डिलीट झालेली फाइल दिसली, की तोही त्याच्या लेखी एरर.

या नोंदींनी कॉम्प्युटर हळू होतो का? नाही. रजिस्ट्रीत माहिती शोधली जाते ती पत्त्याने, फांदीवरून फांदीवर जात. पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी पानं चाळत नाही. हजार मेलेल्या नोंदी बाजूला पडून राहिल्या तर त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. विंडोज २००० पर्यंत रजिस्ट्रीच्या एकूण आकाराला मर्यादा होती, ती एक्सपीपासून उठली. त्या जुन्या काळातला सल्ला अजून व्हिडिओंमधून फिरतो आहे. तुमचा कॉम्प्युटर हळू असेल तर टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप टॅब बघा, सी ड्राइव्हवर किती जागा उरली ते बघा, आणि अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा. फरक त्याने पडेल.

क्लीनरबद्दल माझा आग्रह नुसता अनुभवावर नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतः एके काळी रेगक्लीन नावाचं साधन दिलं होतं, ते पुढे मागे घेतलं. विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप नावाचं दुसरं एक होतं, अर्धवट निघालेल्या सॉफ्टवेअरच्या नोंदी पुसणारं, तेही २०१० मध्ये बंद केलं, कारण त्याने कधीकधी दुसऱ्याच सॉफ्टवेअरचं नुकसान व्हायचं. आज रजिस्ट्री क्लीनर वापरायला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, असं त्यांनी जाहीर सांगितलेलं आहे. विंडोज बनवणाऱ्यांनाच जे बिनचूक जमलं नाही, ते फुकट उतरवलेल्या क्लीनरच्या भरवशावर पेढीच्या कॉम्प्युटरवर का करायचं?

आता तुमच्या कामाकडे. ॲडमिनिस्ट्रेटर लॉगिनने या. सर्चमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा. सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन ऑफ दिसलं तर आधी ऑन करा, मग रिस्टोअर पॉइंट, म्हणजे गडबड झाली तर विंडोज आजच्या स्थितीला परत नेता येईल अशी खूण, तयार करा. विंडोज १० मध्ये ते बऱ्याच ठिकाणी ऑफ असतं आणि लोक गृहीत धरतात की विंडोज आपोआप सांभाळतंय. आणखी एक गैरसमज इथंच दूर करतो. 'रेगबॅक फोल्डरमधून रजिस्ट्री परत आणा' असं जुने व्हिडिओ सांगतात. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने तो आपोआप होणारा बॅकअप बंद केला आहे. फोल्डर दिसतं, आतल्या फाइल्स शून्य केबीच्या असतात. त्याच्यावर विसंबू नका.

मग विंडोज आणि आर ही दोन बटणं एकत्र दाबून 'रेजएडिट' (इंग्रजीत regedit) टाइप करा. डावीकडे फोल्डरसारखी चित्रं दिसतात, उजवीकडे त्या फोल्डरमधल्या ओळी. इथं अनडू नाही, रिसायकल बिनही नाही. डिलीट केलेलं त्याच क्षणी गेलं.

डावीकडे या वाटेने जा: एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, अनइन्स्टॉल. कंट्रोल पॅनेलमधली यादी मुख्यतः इथूनच येते. विंडोज ६४-बिट असेल आणि जुनं सॉफ्टवेअर ३२-बिट असेल, आणि बहुधा असणारच, तर 'सॉफ्टवेअर' या फोल्डरच्या खाली आधी वॉव६४३२नोड (WOW6432Node) मध्ये शिरा आणि पुढची वाट तीच. काही सॉफ्टवेअर एकट्या युजरपुरतं बसतं, त्याची नोंद एचकी करंट युजरखाली त्याच वाटेवर असते.

आत गेल्यावर काही फोल्डरांना सरळ नावं असतात, काहींना महिरपी कंसातला लांबलचक आकडा. एकेकावर क्लिक करून उजवीकडे डिस्प्लेनेम ही ओळ वाचा. तुमच्या सॉफ्टवेअरचं पूर्ण नाव आणि आवृत्ती तिथं दिसली की थांबा. काहीही डिलीट करू नका. त्याच ठिकाणी अनइन्स्टॉलस्ट्रिंग नावाची ओळ असते, ती वहीत उतरवून घ्या किंवा मोबाइलने फोटो काढा. पुढचं सगळं त्या एका ओळीवर ठरतं.

ती ओळ एखाद्या साध्या फाइलचा पत्ता असेल, म्हणजे सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, अमुक फोल्डर, युनिन्स०००, तर प्रकरण सोपं आहे. जुन्या आवृत्तीची सेटअप सीडी किंवा फाइल शेठजींकडे असेल तर तीच पुन्हा त्याच जागी इन्स्टॉल करा आणि मग अनइन्स्टॉल करा. जे काढायचं तेच परत का टाकायचं, असं वाटेल, पण याहून स्वच्छ उपाय माझ्याकडे नाही. सॉफ्टवेअर स्वतःच्या नोंदी स्वतः ओळखून काढतं, आपल्याला अंदाज करावा लागत नाही. जुनं सेटअप कुठंच मिळत नसेल, तरच हाताने. त्या फोल्डरवर राइट क्लिक, एक्सपोर्ट, नाव देऊन सेव्ह. मग फक्त तेच फोल्डर डिलीट. त्याच्या वरच्या 'अनइन्स्टॉल' या मोठ्या फोल्डरवर निळा पट्टा नाही ना, हे डिलीट दाबण्याआधी पुन्हा बघा. नंतर रीस्टार्ट करून नवं सेटअप चालवा. काही गडबड वाटली तर सेव्ह केलेल्या फाइलवर डबल क्लिक करा, नोंद परत येते.

ती ओळ 'एमएसआयएक्झेक' (इंग्रजीत MsiExec) पासून सुरू होत असेल तर मात्र वेगळं आहे, आणि इथंच सर्वांत जास्त लोक फसतात. याचा अर्थ सॉफ्टवेअर विंडोज इन्स्टॉलरमार्फत बसलं आहे. विंडोज इन्स्टॉलर आपली नोंद स्वतंत्र ठिकाणी ठेवतो आणि तिथं त्या लांबलचक आकड्याची अक्षरं उलटसुलट करून लिहितो. तोच आकडा शोधायला टाकला तरी ती नोंद सापडत नाही. अनइन्स्टॉलमधलं फोल्डर उडवलं तर यादीतून नाव जातं, मनाला बरं वाटतं, पण नवं सेटअप विंडोज इन्स्टॉलरला विचारतं आणि तो सांगतो, जुनी आवृत्ती आहे की. वर, तुमच्याकडे असलेला एकमेव धागा, तो आकडा, तुम्हीच पुसलेला असतो. म्हणून या प्रकारात ते फोल्डर डिलीट करायचंच नाही. आकडा कंसांसकट उतरवा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघडा आणि एमएसआयएक्झेक, मग तिरकी रेघ आणि एक्स (msiexec /x), मग तो आकडा असं द्या. रजिस्ट्रीतल्या ओळीत पुष्कळदा एक्सऐवजी आय असतो, त्याने काढण्याऐवजी दुरुस्तीची खिडकी उघडते. तेवढं अक्षर बदला.

तरीही १६१२ क्रमांकाची एरर आली तर मूळ सेटअप फाइल सापडत नाहीये. विंडोज फोल्डरच्या आत इन्स्टॉलर नावाचं लपलेलं फोल्डर असतं, त्यात या सेटअपच्या प्रती ठेवलेल्या असतात. जागा मोकळी करायची म्हणून ते रिकामं करणारे महाभाग मी पाहिले आहेत. मग पुढे महिनोन्महिने एकेक सॉफ्टवेअर निघायला नकार देत राहतं. अशा वेळी त्याच आवृत्तीचं मूळ सेटअप शोधा. किंवा मायक्रोसॉफ्टच्या सपोर्ट पानावर प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर मोफत मिळतो, तो चालवा. तो यादी दाखवतो, आणि यादीत नाव नसेल तर तोच आकडा मागतो. क्लीनरमध्ये आणि यात फरक एवढाच, पण मोठा आहे: हा तुम्ही सांगितलेल्या एका सॉफ्टवेअरपुरतं काम करतो.

जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर, चालत असेल तर डोंगलचा ड्रायव्हर वेगळा बसलेला असतो. दुसरं काही त्यावर चालत असेल, जीएसटीचं किंवा वजनकाट्याचं, तर त्या ड्रायव्हरला हात लावू नका. आणि लायसन्स ऑनलाइन असेल तर ते आधी कंपनीला कळवून सोडवून घ्या.

कॉम्प्युटर सुरू होताना 'फाइल सापडत नाही' असे मेसेज येत असतील तर रजिस्ट्रीत फिरण्याऐवजी मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स हे साधन घ्या. ज्यांची फाइल आता अस्तित्वात नाही अशा नोंदी ते पिवळ्या रंगात दाखवतं. तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या नावाची ओळ असेल तेवढीच घ्या, आणि डिलीट न करता तिच्या पुढची टिक काढा. आठवडाभर नीट चाललं तर मग डिलीट. इतर पिवळ्या ओळी तशाच राहू द्या.

नावाने शोधून दिसेल ते डिलीट करत सुटणं किती महागात पडतं, हे मी स्वतः भोगलं आहे. एक्सपीच्या काळात एका ग्राहकाच्या लॅपटॉपवरून सीडी राइट करायचं सॉफ्टवेअर काढलं आणि सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला. हे तेव्हा नेहमीचं होतं. रजिस्ट्रीत प्रत्येक जातीच्या उपकरणाचं एक फोल्डर असतं, त्यात अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स नावाच्या ओळी असतात. काढलेल्या सॉफ्टवेअरचं नाव त्या ओळीत तसंच राहतं, विंडोज ते शोधतं, सापडत नाही, आणि ड्राइव्ह चालू होत नाही. उपाय म्हणजे त्या ओळी डिलीट करायच्या. सीडी ड्राइव्हच्या फोल्डरच्या आकड्याचा पहिला गट ९६५ ने संपतो. कीबोर्डच्या फोल्डरचा संपतो ९६बी ने. पुढचा सगळा आकडा अक्षरन् अक्षर सारखा. मी संध्याकाळच्या घाईत ९६बी मधली अपरफिल्टर्स उडवली. तिथं त्या ओळीत 'केबीडीक्लास' असतं, तो कीबोर्डचा स्वतःचा ड्रायव्हर. रीस्टार्ट केल्यावर पासवर्डची चौकट समोर आणि एकही बटण उमटेना. यूएसबी कीबोर्ड लावला, तोही मेलेला, कारण जात तीच.

त्या रात्री हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. तिथल्या रेजएडिटमध्ये एचकी लोकल मशीन निवडून लोड हाइव्ह केलं (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्री जिच्यात साठते ती फाइल) आणि ग्राहकाच्या डिस्कवरची विंडोज, सिस्टम३२, कॉन्फिग मधली 'सिस्टम' नावाची फाइल उघडली. अशी बाहेरून उघडली की करंटकंट्रोलसेट दिसत नाही, कंट्रोलसेट००१ दिसतं. त्यात कीबोर्डच्या फोल्डरमध्ये अपरफिल्टर्स नावाची मल्टी-स्ट्रिंग ओळ नव्याने तयार करून केबीडीक्लास लिहिलं, अनलोड केलं, डिस्क परत बसवली. कीबोर्ड चालू झाला. ग्राहकाला झालेली चूक सांगितली आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून रजिस्ट्रीतली कुठलीही ओळ काढण्याआधी तिचा पत्ता मोठ्याने वाचतो आणि एक्सपोर्ट केल्याशिवाय डिलीटकडे बोट नेत नाही.

ताई, सौद्याच्या दिवशी हे काम काढू नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी बसा. नवं सॉफ्टवेअर बसल्यावर शेठजींच्या आणि दिवाणजींच्या, दोन्ही लॉगिनमधून एकेक जुनी पट्टी उघडून रकमा जुन्या छापील पट्टीशी ताडून बघा. एक्सपोर्ट केलेली फाइल डेटाच्या पेनड्राइव्हवरच महिनाभर राहू द्या. आणि अनइन्स्टॉलस्ट्रिंगची ओळ वर सांगितलेल्या दोन्ही प्रकारांत बसत नसेल, तर काहीही न काढता तिचा फोटो घेऊन जवळच्या जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे जा. तो फोटो पाहून त्याला पाच मिनिटांत कळेल.